खाडीत कनू घेऊन मुक्कामाला निघालात? सामान घेताना या चुका टाळा

दिवाळी सरली की कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, घेऊन मुक्कामाला जाणाऱ्यांचे फोन सुरू होतात. "दादा, कनू कॅम्पिंगचं सगळं सामान मागवलंय, आता एखादी खाडी सुचव." अरे, आधी खाडी ठरव, मग सामान घे! परदेशातल्या गोड्या तळ्यांवर फिरणाऱ्यांच्या याद्या बघून ही खरेदी होते. त्या यादीत खारं पाणी नसतं, आणि दिवसातून दोनदा चढणारी-उतरणारी भरतीही नसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एकच भलीमोठी ड्राय बॅग, म्हणजे तोंड दुमडून बंद करायची, पाणी आत न शिरू देणारी पिशवी. ही मी स्वतः केलेली आहे, म्हणून हक्काने बोलतो. सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत देवबागकडून नेरूरपारच्या दिशेने वर निघालो होतो. ६० लिटरच्या बॅगेत स्लीपिंग बॅग, कपडे, तांदूळ, टॉर्च असं सगळं इतकं कोंबलं, की तोंड कसंबसं एकदा दुमडून बकल लावलं. आतली हवा काढून तोंड किमान तीन वेळा घट्ट दुमडायचं असतं, कारण पाणी ती घडीच अडवते. वाटेत एक मशीनची होडी जवळून गेली, तिच्या लाटेने कनू आडवी झाली नि अर्धी भरली. बॅग तासभर त्या पाण्यात बसून.

रात्री उघडली तर आत सगळं चिंब. गोड्या पाण्याने भिजलं असतं तर सकाळच्या उन्हात वाळलं असतं. खाऱ्या पाण्याचं तसं नाही. कापड वाळल्यासारखं वाटतं, पण त्यातलं मीठ संध्याकाळी हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. दुसऱ्या रात्रीही मी त्या चिकट स्लीपिंग बॅगेतच झोपलो. टॉर्च तळाशी, त्यामुळे अंधारात सगळं सामान उपसावं लागलं ते वेगळंच. ज्यांच्या अंगणात उतरलो होतो, त्या काकांनी तांदळाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आता मीठ घालूक नको."

तेव्हापासून माझ्याकडे १० ते २० लिटरच्या तीन बॅगा असतात, तीन रंगांच्या. लाल म्हणजे रात्री लागणाऱ्या वस्तू. शिधा मात्र कड्याच्या झाकणाच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपात. पिंप लोणच्या-बिणच्याचं घ्या. स्वस्त मिळतंय म्हणून रसायनांचं आणाल तर कितीही घासा, त्यात तांदूळ ठेवू नका. नवी बॅग आली की मी तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे भरतो आणि बादलीत दहा मिनिटं दाबून धरतो. कागद ओला झाला तर बॅग दुकानात परत. काठावर येऊन लेबल फाडणाऱ्यांना हे पटत नाही. त्यांना घाई असते.

लाइफ जॅकेट "तिथे कुणाचं तरी मिळेल" म्हणून सोडू नका. घालून, पट्टे आवळून, कुणाला तरी खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. लेबलही वाचा, त्यावर तरंगवण्याचं बळ न्यूटनमध्ये दिलेलं असतं: ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी असतं, पोहता न येणाऱ्याने १०० न्यूटनच्या खालचं घेऊ नये.

चपला घेऊन येऊ नका. एक चिखलात जाते, दुसरीचा उपयोग नाही. कालवं, म्हणजे धारदार शिंपले, लागलेल्या खडकावर पाय पडला तर तळवा चिरतो. बांधता येणारे जुने बंद बूट उत्तम. फुगवायच्या कनूलाही हीच कालवं फाडतात. शिवाय ती हलकी, पाण्यावर उंच तरंगते, आणि दुपारी खारा वारा सुटला की मुखाकडे परतताना जागची हलत नाही.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या वाळूत धरत नाहीत. मी रिकाम्या पिशव्या नेतो, वाळू भरून, तंबूच्या दोऱ्या बांधून पुरतो. तंबूच्या चेनला मीठ लागलं की ती अडकते, म्हणून घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुवायचाच. दोरी कांदळवनाला बांधू नका. आणि चिपळूणच्या वाशिष्ठी नदीवर मुक्काम असेल तर तंबू पाण्यापासून लांब ठेवा, रात्री भांडी घासायला काठावर जाऊ नका. तिथे मगरी आहेत.

महागडं घड्याळ घेऊन भरती विचारणारेही भेटतात. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करायची पद्धत आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पुढची साडेबारा तासांनी. खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा लागते. हा झाला अंदाज, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. संध्याकाळी कोरडी दिसणारी वाळू तेव्हा मध्यरात्री पाण्याखाली असते.

आणि जादा वल्हं. मागच्या मोसमात एकाने जागा नाही म्हणून ते घरी ठेवलं. ब्लूटूथ स्पीकरला मात्र जागा होती. हातातलं वल्हं खडकात अडकून मोडलं, आणि पठ्ठ्या माझ्या कनूला दोरीने बांधून परत आला. स्पीकर चालू होता.