मित्रांसोबत इंका ट्रेलला निघालात? मग या चुका टाळा

पेरूतल्या रेल्वेमार्गाच्या ८२व्या किलोमीटरला सुरू होऊन माचू पिचू या इंकांच्या प्राचीन नगरीत संपणारा इंका ट्रेल म्हणजे चार दिवसांत जेमतेम ४३ किलोमीटर. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला वाटतं, एवढंच ना? पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं. कुस्को शहर, जिथून सगळे निघतात, तेच ३,४०० मीटरवर आहे. चढ-उतार आपल्या सवयीचे असतात, विरळ हवा नसते. आणि ग्रुपने जाताना होणाऱ्या बहुतेक चुका पायांच्या नसतात. त्या एकमेकांशी वेळेवर न बोलल्यामुळे होतात.

“सगळ्यांचं नक्की होऊ दे, मग बुक करू”

ही पहिली चूक, आणि ती घरी बसूनच होते. या वाटेवर दिवसाला फक्त ५०० जणांना सोडतात, त्यात गाइड आणि पोर्टरही धरलेले असतात. म्हणजे आपल्यासारख्यांसाठी साधारण २०० जागा उरतात. मे ते ऑगस्टचे परवाने कित्येक महिने आधीच संपतात, आणि फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट पूर्ण बंद असते. स्वतःच्या स्वतः जाता येत नाही, परवानाधारक आयोजकामार्फतच जावं लागतं.

परवाना नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतो. एक मित्र गळला तर त्याच्या जागी दुसरा चालत नाही. म्हणून एक तारीख ठरवा, त्या दिवशी जे पैसे भरतील तेच येणार. पासपोर्टचं नूतनीकरण बुकिंगच्या आधी उरका. मध्येच क्रमांक बदलला तर आयोजकाला लगेच कळवा आणि जुना पासपोर्टही सोबत ठेवा. पीतज्वराच्या लसीचा दाखलाही लागेल. पेरूहून परतताना तो भारतात विचारतात, आणि लस घेतल्यावर १० दिवसांनीच तो ग्राह्य धरतात.

परवाना हुकला तर लोक “सालकांताय करू, त्याला परवान्याची भानगड नाही” म्हणतात. जरूर करा, पण माचू पिचूकडे जाणाऱ्या त्या दुसऱ्या वाटेवरची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर आहे. सोपा पर्याय म्हणून तिकडे वळू नका.

विमानातून उतरून दुसऱ्याच दिवशी चालायला लागणं

पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी. तिथून विमान दीड तासात कुस्कोला पोचवतं आणि शरीराला काय झालं ते कळतही नाही. सुट्ट्या मोजक्या असल्या तरी वाट सुरू करण्याआधी किमान दोन-तीन रात्री उंचीवर काढा. त्यातही कुस्कोत न थांबता आधी उरुबांबा खोऱ्यात, ओयांताइताम्बोच्या बाजूला जावं हे माझं ठाम मत आहे. ते साधारण २,८०० मीटरवर आहे, त्यामुळे पहिली झोप बरी लागते. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. कोकाच्या पानांचा चहा तिथे सगळीकडे देतात, प्यायला हरकत नाही, पण तो विरळ हवेवरचा इलाज नाही. ती पानं सामानात भरून आणू मात्र नका, भारतात ती बेकायदा आहेत.

डोकेदुखी लपवणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आमच्यातला एक जण दुसऱ्या दिवशी सकाळी गप्प होता. नाश्ता अर्धा टाकला, “झोप नाही झाली” म्हणाला. खरं तर रात्रभर त्याचं डोकं ठणकत होतं आणि सकाळी मळमळत होतं. आपल्यामुळे चौघांचा ट्रेक बिघडेल म्हणून तो बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही. वाटेवरच्या सगळ्यात उंच खिंडीच्या दीड तास अलीकडे तो ओकला आणि खाली बसला. गाइडने त्याला तिथूनच परत उतरवलं. रात्रीच बोलणं झालं असतं तर त्याला तो चढ आजारी अंगाने चढावा लागला नसता.

ती खिंड म्हणजे वार्मिवान्युस्का, ४,२१५ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. या वाटेवर रस्ता नाही, सामानाची जनावरंही चालत नाहीत. खिंडीच्या अलीकडे आहात तोवर मागे उतरणं सोपं. ओलांडलीत की पुढे दुसरी खिंड उभी असते. म्हणून खरा निर्णय खिंडीच्या आदल्या रात्री घ्यायचा असतो.

रोज संध्याकाळी जेवताना प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं: डोकं दुखतंय का, भूक आहे का, मळमळ, चक्कर, काल झोप लागली का. डोकेदुखीच्या जोडीला यातलं काही असेल तर त्याने आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकता येत नसेल किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं, आणि सोबत एक मित्र जायचाच. जाणाऱ्याचं नाव निघण्याआधीच ठरवून ठेवा. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी उंचीचा त्रास टाळायला घेतात, पण डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

सगळ्यात चपळ माणूस पुढे

हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, तोच योग्य वेग.

तिसऱ्या दिवशी तंबूकडे पळत सुटणं

खिंड झाली की लोकांना वाटतं ट्रेक झाला. पण अवशेषांचा खरा दिवस हाच. रुनकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का, विन्याय वायना, सगळे एका ओळीत, आणि पायाखाली इंकांनीच बसवलेले दगड. सायाकमार्काला मुख्य वाटेवरून बाजूचा अरुंद जिना चढावा लागतो, म्हणून थकलेले ग्रुप तो सोडून देतात. सोडू नका. विन्याय वायना शेवटच्या मुक्कामापासून काही मिनिटांवर आहे. उजेड असताना पोचलात तर डोंगराला वळसा घालत गेलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत शांतपणे बसता येतं. अंधारात पोचलात तर ते गेलंच. भिंतींवर मात्र चढायचं नाही.

फुयुपातामार्कानंतर दगडी पायऱ्यांचा लांबच लांब उतार आहे, तिथे गुडघे बोलायला लागतात. काठ्या घ्या, टोकांना रबरी टोपण हवंच, नाहीतर दगड झिजतात म्हणून त्या वापरू देत नाहीत.

पोर्टरच्या पाठीवर आपलं घर

एका पोर्टरने २० किलोपेक्षा जास्त उचलू नये असा नियम आहे आणि नाक्यावर वजन होतं. तुमच्या वाट्याला साधारण सात किलो येतात, त्यात स्लीपिंग बॅगही आली. बुकिंग करतानाच विचारा: पोर्टरला मजुरी किती, तो झोपतो कुठे, जेवतो काय? गोलमाल उत्तर आलं तर दुसरा आयोजक शोधा. बक्षिसीची रक्कम ग्रुपमध्ये आधीच ठरवा आणि सोलच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, सुट्ट्या नोटा वर घेऊन जा.

शेवटच्या पहाटेची शर्यत

पहाटे साडेतीनला उठून सगळे नाक्यावर रांगेत बसतात आणि तो उघडताच इंतिपुंकूकडे, म्हणजे जिथून माचू पिचू पहिल्यांदा दिसतं त्या सूर्यद्वाराकडे, धावतात. वाट ओलसर, एका बाजूला दरी. बऱ्याचदा धुकं इतकं असतं की पहिल्याला आणि शेवटच्याला सारखंच पांढरं दिसतं. सावकाश जा, वर थांबा, धुकं विरायला वेळ लागतो. माचू पिचूत एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत सोडत नाहीत आणि आत स्वच्छतागृह नाही, ते काम आधी उरका. त्याच दिवशी माचू पिचूमागच्या वायना पिचू या सुळक्याच्या चढाचं वेगळं तिकीट काढण्याचा मोह टाळा. त्या गुडघ्यांनी आदल्याच दिवशी फुयुपातामार्काचा उतार पाहिलेला असतो.