कारखान्याच्या इथेनॉलचा हिशेब आपल्या ऊसबिलात कसा तपासावा

पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात जानेवारी २००३ मध्ये सुरू झाला. जून २०२२ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. या काळात महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांनी आसवन्या, म्हणजे इथेनॉल बनवणारे प्रकल्प, उभारल्या किंवा वाढवल्या, आणि त्याचा लाभ ऊस उत्पादकाला मिळेल असे प्रत्येक सभेत सांगितले गेले. तो मिळाला की नाही, हे मात्र कागदावरच तपासावे लागते. इथेनॉलमुळे कारखान्याकडे पैसा लवकर येतो, कारण साखर गोदामात पडून राहते तशी तेल कंपन्यांची देणी फारशी रेंगाळत नाहीत. परंतु उसाचा दर त्यामुळे आपोआप वाढत नाही. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरते ती साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवर.

म्हणून पहिली चौकशी करावी ती इथेनॉल कशापासून बनते याची. सी हेवी मळीपासून, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरलेल्या शेवटच्या मळीपासून, बनत असेल, तर उसातील काढण्याजोगी साखर आधीच निघालेली असते आणि उताऱ्याला धक्का लागत नाही. बी हेवी मळी, म्हणजे साखर पूर्ण निघण्याआधीची मळी, वापरली की काही साखर मळीबरोबर आसवनीत जाते. थेट रस किंवा पाक वापरला, तर तेवढ्या उसाची साखर बनतच नाही. पुढच्या दोन्ही प्रकारांत प्रत्यक्ष उतारा घटतो. ही घट व्हीएसआय, म्हणजे मांजरीची वसंतदादा साखर संस्था, प्रमाणित करते आणि ती मूळ उताऱ्यात मिळवूनच एफआरपी काढायची असते.

ही मिळवणी किती महत्त्वाची आहे, ते आकड्यांत पाहावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी आहे. उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्का वाढीला ३.४६ रुपये वाढतात, घटीला तेवढेच कमी होतात, आणि ९.५ टक्क्यांखाली मात्र दर ३२९.०५ रुपयांवर थांबतो. समजा, बी हेवीमुळे कारखान्याचा प्रत्यक्ष उतारा १० टक्के आला आणि प्रमाणित घट १.५ टक्का आहे. घट न मिळवता दर येतो टनाला ३,४६३ रुपये ५० पैसे, मिळवल्यावर ११.५ टक्क्यांना येतो ३,९८२ रुपये ५० पैसे. फरक टनाला ५१९ रुपयांचा, म्हणजे ५० टन ऊस घालणाऱ्यासाठी २५,९५० रुपयांचा आहे. तेव्हा कारखान्याच्या शेती विभागाकडे तीन आकडे लेखी मागावेत: प्रत्यक्ष उतारा, प्रमाणित घट आणि एफआरपीसाठी धरलेला अंतिम उतारा. तो उतारा कोणत्या हंगामाचा आहे, हेही त्याच अर्जात विचारावे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नये.

त्यानंतर बिलाकडे वळावे. वजनपावत्यांची बेरीज बिलातील टनेजशी जुळते का, हे पाहून तोडणी-वाहतुकीची कपात वेगळी काढावी. कारण दर कमी दिसण्याचे कारण बऱ्याचदा उताऱ्यात नसून या कपातीत असते, आणि दोन शेजारी कारखान्यांच्या दरांची तुलना करताना तीच विसरली जाते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज देय आहे. दीड लाखाचे बिल साठ दिवस उशिरा आले, तर व्याज सुमारे ३,७०० रुपये होते. एफआरपी हप्त्यांत देण्याची मुभा देणारा राज्य शासनाचा २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, याचाही उल्लेख तक्रारीत करावा. तक्रार प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे द्यावी, प्रत पुण्याच्या साखर आयुक्तालयाला पाठवावी आणि पोच घ्यावी.

एफआरपीच्या वरचा पैसा शोधायचा असेल, तर तो महसूल वाटणीत शोधावा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर विनियमन कायद्यानुसार साखरेसह बगॅस (उसाचा चोथा), मळी आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांचे उत्पन्न धरल्यास ७० टक्के, फक्त साखरेचे धरल्यास ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकाचा असतो. यात मळी आहे, इथेनॉल नाही. त्यामुळे कारखान्याने स्वतःच्याच आसवनीकडे मळी कोणत्या दराने वर्ग केली, हा कळीचा प्रश्न ठरतो: दर कमी लावला की नफा आसवनीच्या खात्यात राहतो आणि वाटणीची रक्कम आकसते. सभासदाने वार्षिक अहवालात हा दर शोधावा आणि त्या वर्षीच्या बाजारातील मळीच्या दराशी ताडून पाहावा. अहवालातील हे पान फारसे कोणी उघडत नाही, हे व्यवस्थापनालाही ठाऊक असते.

आसवनी वाढली म्हणून उसाचे क्षेत्र वाढवण्याची घाई करू नये. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप सुरू असताना, केंद्राने रस आणि पाकापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती मर्यादेसह शिथिल झाली आणि निर्बंध पूर्णपणे उठले ते ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस. तोवर उसाच्या लागणी होऊन गेल्या होत्या. पाण्याचे गणितही सोपे नाही: नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नमूद आहे.

मक्याकडे वळणाऱ्याने आधी पुढचा हिशेब करावा. एका टन मक्यापासून साधारण ३८० लिटर इथेनॉल मिळते. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षातील ७१.८६ रुपये दराने त्याचे सुमारे २७,३०० रुपये होतात. २०२५-२६ च्या क्विंटलला २,४०० रुपये हमीभावाने घेतलेला मका टनाला २४,००० रुपयांना पडतो. उरलेल्या ३,३०० रुपयांत आणि डीडीजीएसच्या, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या धान्याच्या सुक्या चोथ्याच्या, विक्रीत प्रकल्पाला इंधन, विकरे (एन्झाइम), मजुरी, व्याज आणि नफा बसवायचा असतो. इथेनॉलचा दर सरकार ठरवत असल्याने मक्याच्या भावाला वरून छत आहे, खाली मात्र आधार पक्का नाही. २०२५ च्या खरिपात कर्नाटकातील मका उत्पादकांना हमीभावासाठी आंदोलन करावे लागले, ते यामुळेच लक्षात ठेवावे. प्रकल्पाशी करार करताना दर, १४ टक्क्यांवरील ओलाव्याची कपात, बुरशी लागलेल्या मालाबाबतची अट आणि पैसे देण्याची मुदत लेखी घ्यावी. ओलावा आपल्यासमोर मोजला जावा, ही अटही त्यात असावी.

सोयाबीन उत्पादकानेही याकडे डोळेझाक करू नये. धान्याच्या इथेनॉलमधून उरणारे डीडीजीएस कोंबडीखाद्यात सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडते; पेंडीची मागणी घटली की तेल गिरण्या सोयाबीनला कमी भाव देतात. पेरणीपूर्वी मका आणि सोयाबीन यांची निवड करताना म्हणूनच सोयापेंडीचे दरही पाहावेत, आणि सोयाबीन हमीभावाने विकण्यासाठीची नोंदणी सुरू होताच ती करून ठेवावी.