ट्रम्पेटचे झिजलेले भाग बदलताय? या चुका टाळा

गणपती महिन्यावर आले की कोल्हापुरातल्या बँडवाल्यांच्या पेट्या उघडतात आणि ठरलेली तक्रार सुरू होते: पिस्टन अडकतोय, सूर दबतोय, आता नवीनच घ्यायला लागतंय. बऱ्याचदा पिस्टन, म्हणजे बटण दाबल्यावर खाली-वर होणारं नळकांडं, धडधाकट असतो. झिजलेलं असतं फेल्ट (जाड, मऊ कापडाची चकती), बूच, नाहीतर स्प्रिंग. हे बदलणं सोपं आहे म्हणूनच कुणी नीट बघत नाही, आणि घोळ तिथंच होतो.

सगळ्यात मोठा घोळ फेल्टचा. बटणाखालचं फेल्ट पिस्टन दाबल्यावर किती खाली जाणार ते ठरवतं, वरच्या झाकणाच्या आतलं फेल्ट तो सुटल्यावर किती वर थांबणार ते. पिस्टनमधली भोकं बाहेरच्या नळ्यांसमोर नेमकी आली तरच हवा सरळ जाते. नळीचं भोकच साधारण साडेअकरा-पावणेबारा मिलिमीटरचं, त्यात एक मिलिमीटरची चूक सूर दबवायला पुरते. म्हणून स्लिपरचं रबर किंवा सतरंजीचा तुकडा कापून बसवू नका. जुनं फेल्ट मोजून त्याच जाडीचं आणणं हीसुद्धा चूकच. ते दबून पातळ झालेलं असतं.

जाडी डोळ्यांनी तपासा. मधल्या पिस्टनची छोटी स्लाइड, म्हणजे ओढून निघणारी नळी, काढा, पिस्टन पूर्ण दाबा आणि टॉर्चच्या उजेडात नळीतून बघा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. कडेला चंद्रकोर दिसली तर बटणाखालचं फेल्ट जाड किंवा पातळ आहे. पिस्टन वर असतानाची जागा बघायला पहिला आणि तिसरा पिस्टन काढा आणि त्या रिकाम्या जागेतून दाताच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या छोट्या आरशानं मधल्याचं भोक बघा. इथं चूक दिसली तर झाकणातलं फेल्ट बदला, बटणाखालचं नाही. नवीन फेल्ट आठवडाभर वाजवल्यावर दबतं, तेव्हा पुन्हा एकदा बघा.

स्प्रिंग ढिली झाली की ओढून लांब करायची सवय फार. दोन दिवस बरं वाटतं, मग ती वाकडी होऊन आत घासते आणि कटकट आवाज येतो. तिन्ही स्प्रिंगा एकदमच बदला, नाहीतर बोटांना तीन वेगवेगळे दाब लागतात. पिस्टनवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. १ नंबर वाजवणाऱ्याकडचा. अदलाबदल झाली की फुंकर आत जातच नाही, आणि मग वाद्याला नावं ठेवली जातात.

पाणी काढायच्या चावीचं बूच बसवताना आधी चावीच्या वाटीतला जुना डिंक खरवडून काढा. बूच जास्त जाड असलं की बिजागरीकडची कड आधी टेकते आणि समोरून हवा सुटते. तपासायला कडेला साबणाचं पाणी लावून फुंका, बुडबुडे सांगतील.

सुटे भाग बरेचसे मेरठहून येतात आणि आटे एका वाद्याचे दुसऱ्याला बसतीलच असं नाही. झाकण किंवा बटण मागवताना जुना नग नमुन्याला द्याच. आटा जबरदस्तीनं फिरवला की नवं झाकण तर जातंच, वर पिस्टनच्या नळीचे आटेही जातात.

दोन कामं तर नकोच. एक, सुटलेला सांधा सराफांच्या गुजरीत नेऊन सोनारी डाख मारून घेणं. ट्रम्पेटचे सांधे शिसं-कथलाच्या डाखानं जोडलेले असतात, तो डाख १८३ अंश सेल्सिअसपासून वितळायला लागतो. सोनारी डाखाला त्याच्या कितीतरी पट उष्णता लागते. शेजारचे सांधे उकलतात आणि पितळ नरम पडतं. दुसरं, अडकणारा पिस्टन उद्यमनगरातल्या कारखान्यात इंजिनाच्या व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून घेणं. पिस्टन आणि त्याच्या नळीत केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. घासली की ती वाढते, हवा गळते, आणि मग खरोखरच नवीन घ्यावं लागतं. पितळी भांड्यांच्या पावडरीचंही तेच.

अडकणारा पिस्टन आधी कोमट पाण्यात धुवा, सुती फडक्यानं पुसा आणि व्हॉल्व्ह ऑइलचे, म्हणजे पिस्टनच्या पातळ तेलाचे, तीन-चार थेंब टाका. खोबरेल नको. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, आणि डिसेंबरातली लग्नाची वरात सकाळी सातलाच निघते.