तंबाखू सोडायची तर आधी टपरीचा हिशेब मिटवा

तंबाखू सोडताना कोणी आठवडाभरात घसरला की लोक लगेच म्हणतात, "मनाचा पक्का नाही." हा अन्याय आहे. निकोटिन बंद केल्यावर होणारी चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड. पण गेटसमोरची टपरी आणि चहानंतर तंबाखू मळलेला तळहात पुढे करणारा जोडीदार वर्षभर जागेवरच असतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी उघड मिळते. म्हणून सगळा निर्धार "नको" म्हणण्यात घालवू नका. "नको" म्हणायची वेळच कमी येईल, अशी दिवसाची मांडणी करा.

आधी तीन दिवस प्रत्येक बाराची, म्हणजे तोंडात टाकलेल्या प्रत्येक चिमटीची, नोंद करा: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. बहुतेकांचे चार-पाच बार ठरलेले निघतात. सकाळी संडासला जाण्याआधी, चहानंतर, जेवणावर, गाडी चालवताना. सकाळचा बार सुटला की पोट साफ होत नाही आणि तेवढ्यासाठी माणूस पुन्हा पुडी काढतो. त्यावर आदल्या रात्री पाण्यातून एक-दोन चमचे इसबगोल आणि उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी घ्या.

मग दोन आठवड्यांच्या आतली तारीख धरा. लग्न किंवा जत्रा असलेला आठवडा टाळा. आदल्या रात्री शर्टाचा खिसा, गाडीची डिकी, कामाचा ड्रॉवर, सगळीकडची पुडी आणि डबी फेकून द्या. टपरीवाल्याची उधारीही त्याच दिवशी चुकती करा, नाहीतर पैसे द्यायला म्हणून पाय तिकडे वळतातच. चहा दुसऱ्या ठिकाणी प्या, निदान महिनाभर.

जोडीदारांना "आज नको" सांगू नका, ते उद्या पुन्हा विचारणार. "सोडली आहे, मला देऊ नका" एवढं स्पष्ट बोला. चौघांसाठी मळायचं काम तुमच्याकडे असेल तर ते पहिल्याच दिवशी दुसऱ्याकडे द्या. तळहातावर चुना आणि अंगठा फिरला की तोंडाला सुटलेलं पाणी आवरत नाही.

तलफ आली की घड्याळ बघा. पाच-दहा मिनिटांत ती उतरते. तेवढा वेळ जागा सोडा, पाणी प्या, तोंडात बडीशेप किंवा लवंग ठेवा. सुपारी मात्र अजिबात नको. तिच्यानेही तोंडाचा कॅन्सर होतो.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार लागत असेल तर नुसत्या मनोबलावर राहू नका, डॉक्टरांना निकोटिन गमबद्दल विचारा. गम २ आणि ४ मिलीग्रॅममध्ये मिळतो. इतक्या लवकर तंबाखू लागणाऱ्याला सहसा ४ चा देतात. इथे हमखास चुकतं ते चघळण्यात. च्युइंगगमसारखा भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळ आणि उचकी लागते, आणि माणूस म्हणतो गम सोसत नाही. सावकाश चावा, झिणझिण जाणवली की गालाच्या आत दाबून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. एक गम साधारण अर्धा तास चालतो. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, त्याने निकोटिन नीट शोषलं जात नाही.

घरात मिश्री लावली जात असेल तर डबा निदान नजरेआड ठेवायला सांगा. एकत्र सोडलंत तर फारच चांगलं.

मध्येच एखादा बार गेला तर तारीख बदलू नका. तो कुठे, कोणासोबत गेला ते वहीत लिहा आणि उद्या नेमकी तीच जागा टाळा. मदतीला १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.

आरशात तोंडही बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा तीन बोटं उभी आत जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.