घरी सिम्युलेटर लावताय? आधी पंखा बघा, आणि या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये पीओपीला एक भोक आहे, ड्रायव्हरने पाडलेलं. गाडीवाला ड्रायव्हर नाही, गोल्फचा, सेटमधली सगळ्यात लांब काठी, साधारण ४५ इंच.

गोल्फ सिम्युलेटर म्हणजे खोलीतच स्क्रीनवर बॉल मारायचा, मशीन शॉट मोजून आकडे दाखवतं. तो घेताना सगळे मशीनचे रिव्ह्यू बघतात, खोलीची उंची कोणी मोजत नाही, मी पण नाही मोजली. टाइल्स नि पीओपी वजा करून आपल्या फ्लॅटमध्ये नऊ फूट पण धड उरत नाहीत, त्यात मधोमध पंखा, आणि ड्रायव्हर मोकळा फिरवायचा तर दहाएक फूट तरी हवेत. बरं भोक काय, बुजतं. पण छताच्या धाकाने हात आपोआप आखडतात, महिनाभरात तीच सवय लागते आणि मग खारघरच्या गोल्फ कोर्सवर मोकळ्या आभाळाखाली पण माणूस डोक्यावर पंखा असल्यासारखा स्विंग मारतो. म्हणून पैसे भरायच्या आधी त्या खोलीत काठी सावकाश पूर्ण फिरवून बघा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाकडून पण फिरवून घ्या. नाहीच बसत तर घरी आयर्न, म्हणजे आखूड काठ्या खेळा, ड्रायव्हर रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर.

आकडे विचित्र येतायत? मशीनला शिव्या द्यायच्या आधी ते रडारवालं आहे की कॅमेरावालं ते बघा. रडारवालं बॉलच्या मागे ठेवतात, त्याला मागे सात-आठ फूट आणि बॉल उडताना दिसायला पुढे पण तेवढी तरी जागा लागते, ती नसली की स्पिन वगैरे ते अंदाजाने ठोकतं. टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा हलवल्याशिवाय हे जमत नाही, तिथे बॉलशेजारी बसणारं कॅमेरावालं बरं. फक्त पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारनंतर जाड पडदा ओढा, ऊन थेट आलं की कॅमेरा गडबडतो.

बॉल अडवणारी कापडी स्क्रीन ढोलासारखी ताणू नका, बॉल उलटा नडगीवर येतो. थोडी सैल ठेवा, मागे भिंतीपर्यंत फूटभर जागा सोडा. घासलेले बॉल नकोतच, कापड फाटतं.

आणि मॅट! टाइल्सवर पातळ मॅट टाकली तर कोपर दुखणार हे एक, पण ती खोटं पण बोलते. बॉलच्या इंचभर मागे मारलंत तरी काठी मॅटवरून घसरून बॉलला लागते नि स्क्रीनवर झकास शॉट दिसतो, तोच गवतावर मारला की माती उडते आणि बॉल तिथेच. जाड, आत थोडी दबणारी मॅट घ्या, खालच्या मजल्यावरचे पण दुवा देतील.

विमानाच्या सिम्युलेटरचं पण असंच. भाचा सीपीएलची, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सची तयारी करतोय, घरी योक (विमानाचं स्टिअरिंग) लावून दिवसभर उडवत असतो, नजर मात्र सतत उंची-वेग दाखवणाऱ्या घड्याळांवर. खऱ्या विमानात सुरुवातीला बाहेर क्षितिज बघून उडवायला शिकवतात, मग इन्स्ट्रक्टर ओरडतो. उपाय फुकटातला आहे, स्क्रीनवरची अर्धी घड्याळं कागद चिकटवून झाका. ट्रिमचा, म्हणजे योकवरचा जोर कमी करणाऱ्या सोयीचा पण घोळ होतो, घरच्या योकची स्प्रिंग कायम मधोमध ओढते, खऱ्या विमानात ट्रिम लावल्यावर योक जिथे धरलाय तिथेच हाताला हलका लागतो, तो अंदाज घरी येत नाही.

आणि हे तास लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत चढत नाहीत बरं का. सीपीएलला २०० तास लागतात, घरच्या खुर्चीतला त्यात एकही धरत नाहीत. हे ऐकल्यावर ताईने पहिल्यांदा खुर्चीची किंमत विचारली.