डिस्कसची पिल्लं: कोणती ठेवायची, कोणती काढायची

डिस्कस या टाकीत पाळायच्या शोभेच्या माशाची जोडी लागली की नव्या माणसाचा सगळा जीव अंड्यांत अडकतो. पहिल्या काही खेपांची अंडी जोडीने खाल्ली तर खाऊ द्या, शिकतात हळूहळू. खरं काम पिल्लं पोहायला लागल्यावर सुरू होतं. 'जन्मतःच अधू' म्हणून काढून टाकली जाणारी बरीच पिल्लं जन्मतः ठणठणीत असतात, पुढच्या महिना-दीड महिन्यात टाकी त्यांना अधू करते, असं माझं स्पष्ट मत आहे.

२८ ते ३० अंशांच्या पाण्यात अंडी दोन-अडीच दिवसांत फुटतात. आणखी तीनेक दिवसांनी पिल्लं सुटी होतात आणि आईबापाच्या अंगाला जाऊन चिकटतात. दोघांच्याही कातडीवर सुटणारा चिकट स्राव हेच त्यांचं पहिलं अन्न. पिल्लं गडद रंगाकडे ओढली जातात आणि या दिवसांत पालकांचं अंगही काळवंडतं. पिजन ब्लड जातीत नेमकं हेच होत नाही. मग पिल्लं आईला सोडून कोपऱ्यातल्या काळ्या स्पंज फिल्टरला बिलगून बसतात आणि तिथेच उपाशी मरतात. अशी जोडी असेल तर फिल्टर काही दिवस बाहेर काढा, नुसता हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन ठेवा, पाण्याची पातळी निम्म्यावर आणा. जोडीतला एक मासा गडद जातीचा असला तर उत्तमच.

चार-पाच दिवसांनी आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जिवंत जीव, खायला सुरू करायचा. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम खडेमीठ, जोरात हवा, आणि २४ ते ३६ तासांत त्याची अंडी फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया तळाशी बसतो. फक्त तळाचा ओढून घ्या, गोड्या पाण्यात गाळून धुवा, मगच द्या. टरफलं पोटात अडकून पिल्लं मरतात. दहा मिनिटांनी भिंग घेऊन बघा. पिल्लाचं पोट आरपार केशरी दिसलं पाहिजे. ज्याचं पोट रिकामं, त्याच्यावर लक्ष ठेवा. बाजारातल्या जिवंत ट्युबिफेक्स किड्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. स्वस्त पडतो, पण रोग घेऊन येतो.

पिल्लांना दिवसातून पाच-सहा वेळा खायला लागतं. तेवढं खाल्लं की अमोनियाही तेवढाच. म्हणून रोज निम्मं पाणी बदलायचं, तळ सायफनने साफ करायचा. नळाच्या पाण्याला हायपो (क्लोरीन मारणारं रसायन), तापमान जुळवलेलं. पालिका क्लोरीनचा डोस वाढवते त्या दिवशी आधी कळवत नाही, त्यामुळे पाणी आदल्या दिवशीच ड्रममध्ये भरून हवा लावून ठेवलेलं बरं. आर.ओ.चं मऊ पाणी अंड्यांसाठी. वाढणाऱ्या पिल्लांना थोडं जड पाणी चालतं, उलट मानवतं.

आता निवड. पिल्लं रुपयाएवढी होईपर्यंत घाई नको, फक्त पाठीचा कणा उघड वाकडा असलेली किंवा तळाशी पोटावर घसटत चालणारी आधीच दिसतात. ती सुधारत नाहीत. बाकीची पांढऱ्या टबात घेऊन वरून बघा. कण्याचा पीळ बाजूने लपतो, वरून लपत नाही. मग दोन्ही कल्ले. कल्ल्याचं झाकण एका बाजूला आखूड असेल तर आतली लाल पिसं उघडी दिसतात. कडा जराशी मुडपलेली असेल तर कधीकधी भरून येते, मोठं भोक भरत नाही. एकच कल्ला हलतो आणि दुसरा मिटलेला, हे मात्र व्यंग नव्हे. बहुधा कल्ल्यातले कृमी असतात, पालकांकडून आलेले. त्यावर प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक औषध आहे.

खुरटलेल्यांबाबत थांबा. शरीराच्या मानाने डोळा मोठा, अंग लांबुळकं, डोक्यामागे खळगी, असं पिल्लू दिसलं की लोक लगेच काढतात. मी आधी अशांना वेगळ्या टाकीत हलवतो. मोठी भावंडं त्यांना खाऊच देत नाहीत. तीन आठवडे पोटभर मिळाल्यावर काही सावरतात. जी तरीही वाढत नाहीत, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा टाकतात आणि औषधालाही दाद देत नाहीत, ती काढायची.

काढायची म्हणजे संडासात ओतायची नाहीत, नाल्यात किंवा तळ्यात तर नाहीच. ती दया नव्हे. लवंगतेलाचे थेंब कोमट पाण्याच्या बाटलीत घालून ती दुधाळ होईपर्यंत हलवा, आणि वेगळ्या भांड्यातल्या टाकीच्याच पाण्यात पिल्लू ठेवून हळूहळू ओता. आधी ते आडवं पडतं. मग डोस वाढवा आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान दहा मिनिटं तसंच राहू द्या.

आखूड कल्ल्याची पण एरवी धडधाकट खाणारी पिल्लं मारायची गरज नाही. घरच्या टाकीत मजेत जगतात. विकताना गिऱ्हाइकाला कल्ला दाखवून, कमी भावात द्या आणि जोडीसाठी नाही हे सांगून ठेवा. दोष पाण्यामुळे आला की रक्तातून, ते बाहेरून ओळखता येत नाही.