'अ‍ॅडजस्टेड' नफ्याला भुलू नका: आयपीओचे कागद वाचताना या चुका टाळा

आयपीओ (कंपनीची पहिलीच जाहीर शेअरविक्री) जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जीएमपी (अनौपचारिक बाजारात शेअरला मिळणारा जादा भाव) फिरायला लागतो आणि त्यामागोमाग एक वाक्य येतं: 'कंपनी आता एबिटडा पॉझिटिव्ह झालीय.' म्हणजे व्याज, कर आणि घसारा (मालमत्तेची झीज) वजा करण्याआधी ती नफ्यात आहे. झालं, अर्ज भरला जातो. चारपाचशे पानांचं प्रॉस्पेक्टस, म्हणजे शेअरविक्रीचं माहितीपत्रक, कोण उघडणार? हे वाक्य बहुतेक वेळा खोटं नसतं. त्यात कोणते खर्च धरलेले नाहीत, एवढंच ते सांगत नाही.

पहिली आणि सर्रास होणारी चूक म्हणजे व्याख्या न बघता आकडा उचलणं. निव्वळ नफा कसा काढायचा हे लेखा मानकांनी बांधून दिलंय. 'अ‍ॅडजस्टेड एबिटडा' (काही खर्च मिळवून-वगळून समायोजित केलेला आकडा) कसा काढायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. झोमॅटोने आपल्या अ‍ॅडजस्टेड एबिटडामध्ये इसॉपचा (कर्मचाऱ्यांना मोबदल्यात दिलेल्या शेअर हक्कांचा) खर्च परत मिळवला, पण दुकानं-गोदामांचं प्रत्यक्ष दिलेलं भाडं वजाही केलं. पेटीएमचं माप वेगळं होतं: 'इसॉप खर्चापूर्वीचा एबिटडा'. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'ही कंपनी त्या कंपनीपेक्षा बरी' म्हणण्यात काहीच अर्थ नाही. पेटीएमच्या डिसेंबर 2022 च्या तिमाहीत हा आकडा 31 कोटी रुपये नफ्याचा होता आणि त्याच तिमाहीचा निव्वळ तोटा 392 कोटी. दोन्ही खरे, दोन्ही कंपनीनेच जाहीर केलेले. मथळ्यात मात्र पहिलाच आला.

इसॉपबद्दल नेहमी एक युक्तिवाद ऐकू येतो की यात रोख पैसा जात नाही, मग खर्च कसला? मला तो पटत नाही. इसॉप दिले नसते तर त्या माणसांना पगार जास्त द्यावा लागला असता. शिवाय नवे शेअर निघाले की तुमचा हिस्सा पातळ होतो. बिल कंपनीऐवजी भागधारकांच्या नावावर फाटतं, इतकंच.

या प्रकाराचं टोक म्हणजे अमेरिकेतली वीवर्क ही कार्यालयांच्या जागा भाड्याने देणारी कंपनी. 2018 मध्ये कर्जरोखे विकताना तिने 'कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा' नावाचं माप पुढे केलं. जाहिरात, प्रशासन, नव्या जागांची उभारणी आणि डिझाइन हे सगळं त्यातून वगळलेलं. 2017 सालचा 93.3 कोटी डॉलरचा तोटा या मापाने 23.3 कोटी डॉलरची कमाई दिसू लागला. 2019 मध्ये तिला आयपीओ मागे घ्यावा लागला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता भाड्याचं बघू, कारण इथे जाणकारही फसतात. 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे इंड-एएस 116 हे लेखा मानक लागू झालं. तेव्हापासून लांब मुदतीच्या जागांचं भाडं नफा-तोटा पत्रकात 'भाडं' म्हणून दिसतच नाही. त्याचे दोन भाग होतात: घसारा आणि व्याज. आणि एबिटडा तर घसारा नि व्याज वजा करण्याआधीचाच आकडा! म्हणजे भाडं त्यातून अलगद निसटलं.

समजा, कपड्यांच्या दुकानांची एक साखळी आहे. विक्री 400 कोटी, वर्षाचं भाडं 60 कोटी, आणि भाड्यासकट सगळा चालू खर्च भागवून हातात राहतात 30 कोटी. नव्या पद्धतीने तिचा एबिटडा दिसेल 90 कोटी. त्यात इसॉपचे 15 कोटी मिळवा, 'एकवेळच्या खर्चाचे' 10 कोटी मिळवा, की अ‍ॅडजस्टेड एबिटडा झाला 115 कोटी. दुकानं तीच, गिऱ्हाईक तेच. घरमालकाला 60 कोटी तर दर महिन्याला हप्त्याहप्त्याने द्यावेच लागतात. म्हणून दुकानं, हॉटेलं, दवाखाने, शिकवणी वर्ग अशा भाड्याच्या जागांवर चालणाऱ्या धंद्यात रोख प्रवाह पत्रक उघडा आणि लीजच्या (भाडेकराराच्या) देण्यांपोटी दिलेली रक्कम शोधा. ती 'वित्तपुरवठ्याशी संबंधित' भागात बसलेली असते, म्हणून वरच्या, रोजच्या धंद्याच्या भागातला रोखीचा आकडाही गुटगुटीत दिसतो.

'एकवेळचा खर्च' हा शब्द दिसला की मागच्या तीन वर्षांच्या टिपा उघडाव्यात. दरवर्षी पुनर्रचना, दरवर्षी विलीनीकरणाचा खर्च असेल तर तो धंद्याचा नेहमीचाच खर्च आहे. अमेरिकेत डीएक्ससी टेक्नॉलॉजी या कंपनीने असे काही खर्च विलीनीकरण-विभाजनाच्या खात्यात टाकून समायोजित नफ्यातून वगळल्याचा ठपका तिथल्या बाजार नियामकाने, एसईसीने, ठेवला आणि मार्च 2023 मध्ये कंपनीने 80 लाख डॉलर दंड भरला.

एवढं वाचणारेही पुढे 'जोखीम घटक' हे प्रकरण आलं की पानं उलटतात. दोष पूर्णपणे त्यांचा नाही. साठ-सत्तर मुद्दे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी 'आमच्या व्यवसायावर प्रतिकूल परिणाम होऊ शकतो' हीच ओळ. वकिलांनी कंपनीच्या बचावासाठी लिहिलेला मजकूर तो. युद्ध, पूर, महामारी, व्याजदर हे मुद्दे खुशाल सोडा, ते सगळ्यांनाच लागू आहेत. जिथे आकडा आहे तिथे थांबा: पहिल्या पाच ग्राहकांकडून किती टक्के उत्पन्न, एकाच कारखान्यात किती टक्के उत्पादन, कोणता परवाना कधी संपतोय.

आणि क्रियापद बघा. 'होऊ शकतो' आणि 'झाला आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीला वापरकर्त्यांची माहिती अयोग्य रीतीने मिळाल्याचं फेसबुकला 2015 मध्येच कळलं होतं. तरी पुढची दोन वर्षं जोखमीच्या मजकुरात 'माहितीचा गैरवापर होऊ शकतो' असंच छापून येत राहिलं. एसईसीने याच कारणावरून कारवाई केली आणि 2019 मध्ये फेसबुकने 10 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपल्या प्रॉस्पेक्टसमध्ये ही पडताळणी करायला सोपी आहे. जोखमीच्या प्रकरणात 'कर विभागाची मागणी येऊ शकते' असं वाचलं की प्रलंबित खटल्यांचं प्रकरण काढा. तिथे नोटिसा आधीच आलेल्या असू शकतात.

संभाव्य देणी, म्हणजे वादाचा निकाल विरोधात गेला तर द्यावी लागणारी रक्कम, या टिपेकडेही असंच दुर्लक्ष होतं. दूरसंचार कंपन्या आणि सरकार यांच्यातला एजीआरचा (ज्या उत्पन्नावर सरकारचं शुल्क मोजतात त्या उत्पन्नाचा) वाद वर्षानुवर्षं चालू होता. तो लपलेला नव्हता, वार्षिक अहवालांच्या टिपांमध्ये त्याचा उल्लेख यायचा. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि पुढच्याच महिन्यात जाहीर झालेल्या सप्टेंबर तिमाहीच्या आकड्यांत व्होडाफोन आयडियाने 50 हजार कोटींहून जास्त, तर एअरटेलने 23 हजार कोटींहून जास्त तोटा दाखवला. त्याचा मोठा भाग 'अपवादात्मक बाब' म्हणून नोंदला गेला. ज्याने फक्त 'अपवादात्मक बाबी वगळून' हा आकडा पाहिला, त्याला नेमकं जे घडलं तेच दिसलं नाही. समायोजित आकडा आणि जोखमीचं प्रकरण एकत्र वाचायचं ते यासाठी: एका ठिकाणी जे वगळलेलं असतं, त्याचा पत्ता बऱ्याचदा दुसऱ्या ठिकाणी सापडतो.

सगळं प्रॉस्पेक्टस झेपत नसेल तर निदान किंमतपट्ट्याची (शेअरची किमान-कमाल किंमत सांगणारी) जाहिरात वाचा. नोंदणीकृत कार्यालय मुंबई-पुण्यात असेल तर ती मराठी दैनिकातही छापावी लागते. अक्षर बारीक असतं, पण 'गुंतवणूकदारांसाठी जोखीम' या चौकटीत कामाचं बरंच मिळतं. प्रवर्तकांना आणि विकून बाहेर पडणाऱ्या भागधारकांना शेअर सरासरी किती रुपयांना पडला, हेही तिथे असतं. त्यांना 12 रुपयांना पडलेला शेअर तुम्हाला 480 ला देताहेत का, हे एका नजरेत कळतं.

मग प्रॉस्पेक्टसमधलं 'इश्यू किमतीचा आधार' हे प्रकरण. नोव्हेंबर 2022 मध्ये आपल्या बाजार नियामकाने, सेबीने, नियम बदलले, तेव्हापासून कंपनी जे निर्देशांक (कामगिरीची मापं) मिरवते ते व्याख्येसकट आणि प्रमाणित करून इथे द्यावे लागतात, आणि लिस्टिंगनंतरही, म्हणजे शेअर बाजारात आल्यावरही, निदान वर्षभर जाहीर करत राहावे लागतात. अर्जाच्या वेळी हे पान सेव्ह करून ठेवा. पुढच्या निकालांच्या सादरीकरणात तोच निर्देशांक, त्याच व्याख्येने येतोय का ते ताडून बघा. 'मासिक ग्राहक' जाऊन 'वार्षिक ग्राहक' आले, किंवा तळटीपेत 'मागील आकडे पुनर्वर्गीकृत' असं दिसलं, तर आधी जुन्या व्याख्येने आकडा काढायचा प्रयत्न करा. तो निघण्याइतकी माहितीच दिलेली नसेल, तर निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलची लेखी प्रत एक्स्चेंजच्या साइटवर मिळते. कुठल्यातरी विश्लेषकाने हा प्रश्न विचारलेला असतो; उत्तर सरळ आलं की विषय बदलला, ते तिथे वाचा.